रिकाम्या कॉटचे वीस श्वास

सिस्टर, तुमच्या लाल शाईच्या एका ओळीची किंमत लोकांना सांगताना मी 'सहा महिने' म्हणतो. खरा हिशेब थोडा जास्त आहे. परीक्षा सहा महिने पुढे गेली, ते तर झालंच. शिवाय माझ्या बॅचच्या फोटोत मी नाही. पुढच्या बॅचच्या फोटोत आहे, सगळ्यांत मागे, चुकून दुसऱ्याच्या लग्नात शिरलेल्या माणसासारखा. आणि पोरगा शिमग्याला पांढरा कोट घालून येतोय, असं माझ्या वडिलांनी हरसूलच्या बाजारात ज्याला त्याला सांगून ठेवलं होतं, त्यांना नंतर कित्येक आठवडे बाजाराच्या दिवशी मागच्या बाजूनं जावं लागलं. तुमचा खर्च काय, तर "श्वासाची नोंद न मोजता केली. पोस्टिंग पुन्हा." एवढीच ओळ. तुमच्या शेवटच्या वयाच्याही मी आता पुढे गेलोय. त्यामुळे आज थोडा वाद घालायला बसलो तर तुम्ही मनावर घेऊ नये.

वादाचं कारण काल घडलं, पण ते नंतर सांगतो. तुमच्या हातात पेपर दिला की तुम्ही आधी समास बघायचात, मग उत्तर. म्हणून मीही क्रमानं जातो.

नर्सिंग स्कूलच्या आमच्या बॅचला मुली भरपूर आणि मुलगे तिघं. मुलींना टोपी होती, तिच्या घड्या तुम्ही बोटानं तपासायचात. आम्हाला टोपी नव्हती, म्हणून तुम्ही आमच्या केसांवर डूख धरलात. कानाला केस टेकला की वर्गाबाहेर. चादरीचा कोपरा लिफाफ्यासारखा दुमडलेला नसेल तर सगळी कॉट पुन्हा. आजारपणाची रजा घेतली तर तेवढे दिवस भरून दिल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म पुढे जायचा नाही. आणि प्रोसिजर बुकात तुमची सही हवी असेल तर ते काम तुमच्या डोळ्यांसमोर करून दाखवायचं, दुसऱ्या कुणी बघितलं असेल तर ते तुम्हाला चालायचं नाही. "मी बघितलं नाही म्हणजे झालं नाही," असं तुम्ही म्हणायचात, आणि आम्ही पाठीमागे तुमची नक्कल करायचो. मी चांगली करायचो. शरणपूरच्या बाजूच्या तुमच्या त्या सावकाश, स्वच्छ मराठीची नक्कल करता करताच माझी मराठी शहरातली झाली, हे तुम्हाला बहुतेक ठाऊक नसेल.

मला कानांचा गर्व होता. लहानपणी डोंगरात नागलीची राखण केलेला पोरगा मी. माळ्यावर आडवं पडून, डोळे मिटून, रानडुक्कर कुठल्या बांधाला आलंय ते सांगायचो. हॉस्पिटलात हे कान फार कामाला आले. मेट्रन जिन्यात असतानाच तिच्या किल्ल्यांचा जुडगा मला ऐकू यायचा. तुमच्या कॅनव्हासच्या बुटांतला डावा बूट किंचित कुरकुरायचा. तो ऐकला की मी हातात काहीतरी घ्यायचो, बेडपॅन असेल तर बेडपॅन. वॉर्डात मी कामसू म्हणून प्रसिद्ध होतो, ते या डाव्या बुटामुळे.

पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात माझी पोस्टिंग. दुपारी चार वाजता अठ्ठावीस माणसांचा ताप, नाडी आणि श्वास मोजून वहीत लिहायचे. ताप मी घ्यायचो. नाडी मोजायचो भिंतीवरच्या घड्याळावर, मान वळवून, कारण माझ्या मनगटावरच्या घड्याळाचा सेकंदकाटा निखळून काचेच्या तळाशी मेलेल्या मुंगीसारखा पडला होता. श्वास मात्र कुणीच मोजत नव्हतं. आमच्यात रीतच होती, श्वास वीस. निरोगी माणसाचा साधारण तेवढा असतो, मग कशाला आणखी अठ्ठावीस मिनिटं घालवायची. मी त्याच्याही पुढे गेलो होतो. वॉर्डात शिरायच्या आधीच श्वासाचा रकाना वरपासून खालपर्यंत भरून टाकायचो. वीस, वीस, वीस. मग आरामात बाकीच्या दोन गोष्टींना लागायचो.

त्या दिवशी फरशी नुकतीच पुसलेली. फिनेलचा वास दरवळतोय. मी सहा नंबरच्या काखेत थर्मामीटर लावून उभा आहे, आणि मागून तुमचा आवाज येतो.

"ब्रदर, जरा इकडे येता का?"

एरवी तुम्ही मला अरे-तुरे करायचात. 'येता का' ऐकलं आणि थर्मामीटर तिथंच सोडला. वळून बघतो तर ओल्या फरशीवर डाग पडू नयेत म्हणून तुम्ही बूट काढून हातात धरलेले, आणि दुसऱ्या हातात माझी वही. तुम्ही चौदा नंबरच्या कॉटपाशी उभ्या. कॉट रिकामी.

"चौदा नंबर कुठे गेले?"

"बाहेर गेले असतील, सिस्टर. येतीलच."

"श्वास इथंच ठेवून गेलेत का?"

तेरा नंबरवर पेठकडचा एक म्हातारा होता. तो उशीवरून मान उचलून म्हणाला, "ठेवून गेला असंल बाई. आमी हाय ना ध्यान द्यायला." सगळा वॉर्ड हसला. तुम्ही हसला नाहीत. बूट खाली ठेवलेत, छातीवर पिन केलेलं घड्याळ हातात घेतलंत आणि म्हणालात, "मोजा. पूर्ण एक मिनिट."

मी त्या रिकाम्या कॉटपुढे उभा राहून एक मिनिट उशीकडे बघत होतो. मिनिट एवढं लांब असतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं.

"किती?"

"शून्य, सिस्टर."

"शून्य मेलेल्याचा असतो. हे एस.टी.चे ड्रायव्हर आहेत, गेटवर चहा पीत असतील. 'जागेवर नाही' असं लिहा."

मी लिहिलं. तेवढ्यात ड्रायव्हर खरोखरच मिशा पुसत आला आणि सगळे आपल्याकडे का बघतायत ते त्याला कळेना.

खोटी नोंद म्हणजे नाव कमी, हा शाळेचा नियम होता आणि तो मेट्रनच्या हातात होता. पुढचे दोन दिवस मी जेवलो नाही म्हणालो तर खोटं होईल, पण काय जेवलो ते आठवत नाही. नाव गेलं असतं तर दिवाळीनंतर सगळं गाव मजुरीला बाहेर पडायचं, त्यात मी असतो. कुणीतरी गावी निरोप पोचवला आणि तिसऱ्या दिवशी वडील तुमच्या ऑफिसच्या दारात. चपला बाहेर, टोपी हातात. मी व्हरांड्यात खांबाआड उभा होतो. कान होतेच.

"बाई, पोराला मारा, लय मारा, पन काढू नका."

"आत या आधी. बसा. काढलेलं नाही त्याला. मेट्रनशी बोलून झालंय माझं. परत मागे बसवलाय. हीच पोस्टिंग पहिल्या दिवसापासून करील. या वेळची परीक्षा मिळायची नाही, पुढच्या वेळी देईल."

वडील म्हणाले, "म्हंजी आवणीवानी झालं. रोप उपाटलं, पन टाकलं नाय. दुसऱ्या खाचरात लावलं."

"तसंच," तुम्ही म्हणालात. "फक्त चिखल जरा जास्त लागेल त्याला."

बाहेर येताना वडिलांनी खांबाकडे न बघता सांगितलं, "घड्याळ नीट नव्हतं तर बाईला सांगायची लाज वाटली व्हय?" त्यांना ते कुणी सांगितलं असेल, तुमच्याशिवाय. म्हणजे माझ्या मनगटावरची मेलेली मुंगी तुम्ही आधीच बघितली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला एक वाळूचं घड्याळ दिलंत. लाकडी चौकट, मधे काच, खाली पडायला एक मिनिट. पूर्वी वॉर्डात नाडी मोजायला ते वापरायचे, म्हणालात. आणि पुस्तकात अर्ध्या ओळीत संपणारी गोष्ट तुम्ही माझा हात हातात धरून शिकवलीत. "नाडी मोजून झाली तरी हात सोडायचा नाही. माणसाला कळलं की आपला श्वास मोजतायत, की तो श्वास सांभाळायला लागतो. त्याला वाटू दे, अजून नाडीच चाललीय. तू छातीकडे बघ. सगळं मिनिट." मग विचारलंत, "आता माझे किती झाले?" मी मोजलेच नव्हते, ऐकत बसलो होतो. "बघ," तुम्ही म्हणालात, "बोलता बोलता मोजता येत नाही. एक काय ते कर."

मग रोज चारला अठ्ठावीस मिनिटं. सुरुवातीला माणसं वैतागायची. तेरा नंबरचा म्हातारा म्हणायचा, "हात काय माजा गहान ठेवलाय का तुज्याकडं?" पण हळूहळू मला दिसायला लागलं. कुणी दोन श्वासांमधे थांबतो, कुणी खांदे उचलून घेतो. एका सुताराचा ताप नाही, नाडी बरी, हसतोय, बोलतोय, आणि श्वास चौतीस. मी पळत तुमच्याकडे आलो. तुम्ही आलात, त्याचा हात धरलात, छातीवरच्या तुमच्या घड्याळावर मोजलंत. डॉक्टरांना बोलावणं गेलं. त्याच्या फुप्फुसात पाणी निघालं आणि वेळेवर निघालं. मला वाटलं, आज तरी काही म्हणाल. तुम्ही वहीत माझा आकडा खोडलात आणि म्हणालात, "पस्तीस. एक चुकलास."

तर आता वाद. नोकरी संपल्यावर मी गंगापूर रोडला घरोघरी नर्स पुरवायचं काम सुरू केलं. दोन खोल्या, एक फोन आणि मी, असं सुरू झालं. आता बऱ्यापैकी पसारा आहे. नव्या मुलींना मीच शिकवतो, आणि पहिल्या दिवशी टेबलावर तुमचं वाळूचं घड्याळ ठेवतो. काल सुरगाण्याकडच्या एका मुलीनं त्याच्याशेजारी आपला मोबाईल लावला आणि म्हणाली, "सर, हे अठ्ठावन्न सेकंदांतच संपतंय." तीनदा लावून बघितलं. अठ्ठावन्न. तेव्हा सिस्टर, तो एक श्वास मी चुकलो नव्हतो. तुमच्याकडे साठ सेकंद होते, मला तुम्ही अठ्ठावन्न दिले होते. एवढंच नोंदवून घ्यावं, ही विनंती. मुली खूप हसल्या. मीही हसलो, आणि मग नेहमीचं वाक्य त्यांना ऐकवलं. चौदा नंबरच्या त्या कॉटनंतर आजपर्यंत माझ्यासमोर कुणाचा श्वास बदलला आणि मला कळलं नाही, असं एकदाही झालेलं नाही. हे मी प्रत्येक तुकडीला छाती काढून सांगतो. इतकी वर्षं सांगतोय की बोलताना आवाज आपोआप चढतो.

काल त्या सुरगाण्याच्या मुलीनं विचारलं, "एकदाही नाही, सर?" आणि मी घड्याळ उलटं करून ठेवलं. म्हणून हे लिहायला बसलो.

तुम्ही निवृत्त झाल्यावर, एकोणीसशे ऐंशीच्या पुढच्या त्या वर्षांत, आपल्याच हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डात होतात. मी तोवर पुरुषांच्या वॉर्डाचा इन्चार्ज. ड्युटी संपली की साडेतीनला तुमच्यापाशी येऊन स्टुलावर बसायचो. तुम्हाला फार बोलवत नव्हतं. मी बोलायचो, आणि बहुतेक वेळा तुम्ही चौदा नंबरचीच गोष्ट मागायचात. मी तुमची नक्कल करायचो, तुमच्या तोंडावर. 'श्वास इथंच ठेवून गेलेत का' या वाक्याला तुम्ही हमखास हसायचात. त्या दिवशी रिकाम्या कॉटपाशी हसला नव्हतात, ते हसू जणू माझ्यासाठी राखून ठेवलं होतंत.

त्याही दुपारी मी तीच गोष्ट सांगत होतो. चार वाजले तशी पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी वही घेऊन आली, पलीकडच्या बाजूला उभी राहिली आणि तिनं तुमचं मनगट धरलं. मी थांबलो नाही. ते वाक्य आलं. तुम्ही हसला नाहीत. मला वाटलं, डोळा लागला. मी पुढे तेरा नंबरच्या म्हाताऱ्याचं सांगायला लागलो. ती मुलगी हात सोडेना. चांगली शिकवलीय हिला, असंसुद्धा माझ्या मनात आलं.

"ब्रदर," ती हळू म्हणाली, "मिनिट झालं."

"मग लिही ना."

"काय लिहू?"

ही गोष्ट मी मुलींना सांगत नाही. माझी गोष्ट ड्रायव्हर मिशा पुसत येतो तिथं संपते. हा कागद घडी करून वाळूच्या घड्याळाखाली ठेवीन. दुसरीकडे कुठे पाठवायचा म्हटलं तरी पत्ता नाही. तुमचा डावा हात माझ्या हातात होता, उजवा तिच्या. कळलं ते तिला.