जॅकेटात भाड्याने

ती. मामांना,

साष्टांग नमस्कार. (अतिशयोक्ती नाही. पालथी पडूनच लिहिते आहे. पोटाचे स्नायू उठू देत नाहीत.) शिलाई मशीनवर वाकून आखडलेली तुमची मान कशी आहे? आणि मामींना खरंच कमी ऐकू येतं, की फक्त तुम्ही बोलायला लागल्यावर?

इकडे सगळे ठीक, माझ्याखेरीज. रविवारी रायफल संघाची निवड चाचणी आहे आणि जागा एकच उरली आहे. गेल्या महिन्यात माझे छर्रे दहाचं वर्तुळ सोडून भटकायला लागले. मी आधी रायफलला दोष दिला, मग रेंजच्या फरशीला. (आमच्या वजनमापांच्या ऑफिसातला कंपनमापक नेऊन फरशी मोजली. ती निर्दोष सुटली.) शेवटी कोचसरांनी तुम्ही शिवलेलं कॅनव्हासचं जॅकेट उतरवायला लावलं. ते इतकं कडक आहे की काढून ठेवलं तरी खुर्चीत ताठ बसतं. मला मात्र त्याच्याशिवाय उभं राहता येईना. रायफलची नळी लंबकासारखी हलायला लागली. सर म्हणाले, "आजवर जॅकेटच उभं होतं. तू आत भाड्याने राहत होतीस."

त्यांच्या मते नेम डोळ्यात नसतो, बेंबीच्या मागे असतो. तेव्हा पोट, पाठ आणि कंबर यांचे आतले स्नायू बळकट करायचे. त्यासाठी कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर फळीसारखं ताठ आडवं राहायचं. ऑफिसात मधल्या सुट्टीत तराजू तपासायच्या खोलीत मी तशी आडवी असताना वजनवाले काका आत आले. (प्रमाण वजनं तेच सांभाळतात. वजनाला बोट लागलं तरी त्यांना ताप येतो.) मी चक्कर येऊन पडले असं समजून त्यांनी बाटलीभर पाणी माझ्या डोक्यावर ओतलं. दात आवळलेले असल्यामुळे मला खुलासा करता येईना, म्हणून त्यांनी दुसरी बाटली आणली.

घरी याहून वाईट. "नुसती पडलीच आहेस तर कामाला ये," म्हणत आईने इस्त्रीचे कपडे माझ्या पाठीवर रचले. बाबांनी त्यावर वर्तमानपत्र ठेवलं, चष्मा शोधून आणला आणि तिथेच वाचत बसले. एकही सदरा घसरला नाही, याची नोंद दोघांनीही घेतली नाही.

पण काल जॅकेटशिवाय मारलेले दहाही छर्रे दहात बसले. सरांनी टोमणा मारला नाही. त्यांच्याकडून शाबासकी एवढीच मिळते. आता मला कुठल्याही कॅनव्हासची गरज नाही.

तुमची भाची

ता. क. वरचं शेवटचं वाक्य दहा छर्र्यांपुरतं खरं आहे. चाचणीत साठ असतात, आणि विसाव्यानंतर मी अजून डुलते.

ता. क. २. सोबत जॅकेट पाठवते आहे. बटणं लागत नाहीत. या व्यायामाने भूक दुप्पट होते, हे सर सांगायला विसरले. दोन्ही बगलांखाली पट्टी घालून शुक्रवारपर्यंत परत पाठवा. पट्टी एकपदरीच हवी. चाचणीआधी कापडाची जाडी मोजतात.

ता. क. ३. आईला मी सांगितलंय, धुतल्यावर जॅकेट आटलं, मामांनी कापडच हलकं वापरलं. तिचा फोन येईल. हो म्हणा, नाहीतर ती व्यायामच बंद करायला लावेल. तुमचं नाव थोडं खराब होईल, पण माझं यादीत येईल.