खसखस की तीळ

४ मार्च

डॉक्टर फितूर झाला!

आज रिळाची बैठक होती. आम्ही चौघं: दातांचा डॉक्टर (शाळेपासूनचा मित्र), शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई, लिफ्ट दुरुस्त करणारा लिफ्टवाला, आणि वर्तमानपत्रात बातम्या लिहून पोट भरणारा मी. चौघांनाही सर्किटं जोडायचा नाद. त्याला लागणारे कपॅसिटर सुटे घ्यायला गेलं तर दुकानदार सोन्याचा भाव लावतो. कागदी फितीत हजारो कपॅसिटर बसवलेलं अख्खं रीळ एकट्यानं घेतलं तर पतवंडांनाही पुरून उरेल. म्हणून मिळून एक रीळ मागवायचं, त्याची कागदी फीत कातरीनं कापायची आणि चार वाटे करायचे. सर्किटाचा बोर्ड बाई आखतात, चौघांसाठी एकच. त्यामुळे कपॅसिटरचा आकारही चौघांनी एकच ठरवावा लागतो.

आकार दोन. कॅटलॉगात त्यांना आकडे आहेत, पण आकड्यांवर कुणाचा जीव जडत नाही. आम्ही धाकट्याला खसखस म्हणतो, थोरल्याला तीळ. म्हणतो म्हणजे, दिसतातच तेवढे. इतकी वर्षं खसखसच चालली.

आणि आज डॉक्टर म्हणतो, ‘‘यापुढे तीळ घेऊ या.’’

‘‘का रे बाबा?’’

‘‘डोळ्यांना बरं.’’

लोकांच्या जबड्यात पार मागच्या दाढेतली कीड हुडकणारा माणूस डोळ्यांचं गाऱ्हाणं सांगतो! मी म्हटलं, ‘‘उपटायची सवय ना तुला. मुळासकट पकडीत आलं पाहिजे.’’ लिफ्टवाला खो खो हसला. डॉक्टर हसला नाही. म्हणाला, ‘‘खसखस घेणार असाल तर या वेळी मला धरू नका.’’

बाईंना खसखस हवी. मनगटावर बसेल एवढं काहीतरी करतायत. लिफ्टवाला म्हणाला, ‘‘मी आयुष्यभर दोन मजल्यांच्या मध्येच लोंबकळलोय. तुम्ही ठरवाल ते.’’ म्हणजे कौल माझ्याकडे. मी खसखशीचा जुना भक्त. तरी म्हटलं, पुढच्या बैठकीत सांगतो. सत्ता हातात आली की लगेच वापरू नये. थोडी मिरवावी.

७ मार्च

बाईंचा फोन. पाकिटावरची लेबलं वाचता येत नाहीत म्हणे.

लेबलं लिहिणं माझ्याकडे. रेझिस्टर निदान अंगावर आकडे वागवतो. कपॅसिटर म्हणजे निर्गुण निराकार. फितीतून सुटला की तो कोण, कुठला, कुठल्या कुळातला, खुद्द त्यालाही सांगता यायचं नाही. लेबल हीच त्याची ओळख.

‘‘पंडित, पूर्वी तुमची लेबलं खोलीच्या दारातून वाचता यायची. आता भिंग घ्यावं लागतं. आणि शेवटी शेवटी तर अक्षरं उतारालाच लागतात!’’

मी म्हटलं, ‘‘बाई, खसखशीवर खसखशीएवढं अक्षर. याला औचित्य म्हणतात.’’

‘‘याला आळस म्हणतात,’’ बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. शिक्षक ते शिक्षकच.

११ मार्च

बायकोची दाढ काढली. दिवसभर घरात अशी शांतता की मला माझेच विचार ऐकू आले. फारसे काही नव्हते.

संध्याकाळी गालावरचा बर्फ बाजूला करून ती म्हणाली, ‘‘दाढ डॉक्टरांच्या पुतणीनं काढली. हात हलका आहे पोरीचा.’’

‘‘आणि डॉक्टर?’’

‘‘ते शेजारी बसले होते. खिशात हात घालून.’’

डॉक्टर आणि खिशात हात! घरच्या पेशंटला तो कुणाला शिवू देत नसे.

‘‘अहो, तुमचीच चौकशी करत होते. झोप लागते का, चहा नीट पितात का.’’

चहा नीट पितात का म्हणजे? तोंडानं पितो!

१४ मार्च

आज डॉक्टर कार्यालयाखाली भेटला. इकडचं तिकडचं झालं. मग एकदम, रस्त्याकडे बघत, ‘‘काय रे, तुझा हात कसा आहे?’’

‘‘आहे की. मनगटाला जोडलेला.’’

‘‘नाही... आपल्या वयात कधी कधी थरथर सुरू होते. लाजण्यासारखं काही नसतं त्यात.’’

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

न्यायशास्त्राच्या पहिल्याच पाठात डोंगराचं उदाहरण येतं. डोंगरावर धूर दिसतो, विस्तव दिसत नाही. तरी धुरावरून विस्तव ताडायचा. आता मांडून बघू. डॉक्टर तीळ मागतो. हात खिशात ठेवतो. दाढा पुतणीकडून काढून घेतो. आणि थरथरीबद्दल विचारतो, तेही दुसऱ्याचं नाव घेऊन, जसं लोक ‘‘माझ्या एका मित्राला विचारायचंय’’ म्हणतात.

डॉक्टरचा हात थरथरतोय.

फार वाईट वाटलं. मी त्याला ‘‘मुळासकट पकडीत’’ म्हणालो, सगळ्यांदेखत! कसले हात होते त्याचे. शाळेत माझ्या बोटातला काटा त्यानं कंपासच्या टोकानं काढला होता आणि मला कळलंही नव्हतं. ज्याचा धंदा हातावर आहे, तो हाताबद्दल कुणापाशी बोलणार?

बायकोला सांगितलं नाही. ती वहिनीपणा करायला धावेल.

१६ मार्च

बायकोनं कपबश्या माळ्यावर टाकल्या आणि चहाचे मग आणले. जाड बुडाचे, खलबत्त्यासारखे. सध्या हेच चालतात म्हणे. कपबशीचा तो किणकिणाट होता, निदान कुणीतरी चहा पितंय असं वाटायचं. आता मुकाट पितो.

१९ मार्च

सकाळी जुन्या बोर्डावर कपॅसिटर बसवत होतो. तीन खसखशी उडाल्या. दोन गायब. तिसरी अर्ध्या तासानं सापडली, माझ्याच भुवईत.

चिमट्याचं टोक वाकलंय. नवा घ्यायला हवा.

मन थाऱ्यावर नाही, डॉक्टरचाच विचार. मी खसखशीला कौल दिला तर तो गेलाच. तिघांत रीळ झेपणार नाही असं नाही, झेपेल. पण खरं सांगायचं तर रीळ हे निमित्त आहे. एकानं फीत ताणून धरायची, दुसऱ्यानं पट्टी लावायची, तिसऱ्यानं कापायची, आणि चौथ्यानं (म्हणजे मी) वर बसून टीका करत लेबलं लिहायची. त्यातला एक कमी झाला तर आम्ही नुसतेच खरेदी करणारे लोक उरू.

तिळाला कौल द्यायचा. पण कारण काय सांगायचं? ‘‘डॉक्टरसाठी’’ म्हटलं तर त्याची लाज उघडी पडणार. कारण माझं हवं.

सापडलं! हात माझाच थरथरतो म्हणून सांगायचं. खोटं आहे, पण निरुपद्रवी. शाळेच्या नाटकात मी विदूषक होतो, तेवढा अनुभव पुरे.

२३ मार्च

बैठक पार पडली. आत्ता स्वतःवर बेहद्द खूश आहे!

बाईंच्याच घरी जमलो. त्यांनी खसखशीचा बोर्ड जवळजवळ आखून ठेवलेला. बाई म्हणाल्या, ‘‘चला पंडित, निकाल.’’

मी म्हटलं, ‘‘आधी प्रयोग.’’ चिमटा घेतला, उरलेल्या फितीतली एक खसखस उचलली आणि बोर्डाकडे नेताना हात जरासा हलू दिला. जरासाच. मुद्दाम करतोय असं दिसू नये ही खरी कला. खसखस उडाली. दुसरी उचलली, तीही गेली. तिसरीला तर मला काही करावंच लागलं नाही, इतका भूमिकेत शिरलो होतो.

मग चिमटा खाली ठेवून म्हटलं, ‘‘मंडळी, हे असं आहे. माझा हात अलीकडे ऐकत नाही. खसखस आता माझ्याच्यानं होत नाही. माझा कौल तिळाला.’’

वाटलं होतं, लिफ्टवाला निदान ‘‘पंडित, काल कुठं बसला होता?’’ म्हणेल. कुणीच हसलं नाही. लिफ्टवाला माझ्याकडे न बघता जमिनीवर खसखशी शोधायला लागला. त्यानं आजवर कधीच शोधल्या नव्हत्या. हजारात तीन कोण शोधतं? बाईंनी आपला आखलेला कागद घेतला, दोन घड्या घातल्या आणि खणात टाकला. ‘‘तीळ तर तीळ. मनगटाऐवजी दंडावर बांधीन.’’ आवाज बसला होता त्यांचा. सर्दी असावी.

एवढ्या कष्टानं आखलेला बोर्ड आणि एका शब्दात सोडून दिला. मी आणखी चार संवाद तयार ठेवले होते. ते वाया गेले.

आणि डॉक्टर! खुर्चीवरून उठला, माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि खांद्यावर हात ठेवला. बराच वेळ काढला नाही. समजला असणार. त्याच्यासाठी मी हे सोंग घेतलं, हे त्यानं ओळखलं. जुनी मैत्री म्हणजे हेच, आभाराचे शब्द लागत नाहीत.

घरी येताना शीळ घालत आलो. बायकोला सगळं सांगितलं, फक्त डॉक्टरचा हात वगळून. ‘‘असा काही हात हलवला म्हणतेस! सगळे गप्प!’’

ती म्हणाली, ‘‘चहा टाकू?’’

२५ मार्च

डॉक्टर सकाळीच घरी आला. बायकोनं चहाचे मग ठेवले आणि आत गेली नाही. बसली.

‘‘बरं झालं, तूच बोललास,’’ तो म्हणाला. ‘‘तीन महिने बघतोय. लेबलं बारीक व्हायला लागली तेव्हापासून. कसं सांगावं कळत नव्हतं, म्हणून आधी तीळ तरी मागितला.’’

‘‘अरे, मी नाटक करत होतो. तुझ्यासाठी!’’

‘‘माझ्या हाताला काय झालंय?’’

त्यानं दोन्ही हात पुढे धरले. कंपास धरणारे तेच हात, पाटावर ठेवल्यासारखे स्थिर. पुतणी आता दवाखाना चालवणार, म्हणून तो नुसता बसतो. बास, एवढंच होतं ते.

मग तिघांनीही माझ्या मांडीकडे बघितलं. उजवा हात तिथे पडून होता. कुणी काही सांगितलेलं नसताना, आपला आपण हलत होता. बायकोनं त्यावर हात ठेवला.

उद्या दहा वाजता मोठ्या डॉक्टरांकडे. तिघं जाणार. रीळ शनिवारपर्यंत येईल. लेबलं मीच लिहिणार, मोठ्या अक्षरात. लिफ्टवाला जाड पेन देतोय.

धूर खरा होता. डोंगर चुकला.