अक्काचे हात कोणाशी बोलतात

४ जाने., रवि.
भाऊ प्रकाश आज अक्काला सोडून गेला. तो न् वहिनी पोराकडे पुण्याला राहणार. अक्का आता माझ्याकडे, शेलूबाजारात. एकसष्ट वर्षांची. जन्मापासून ऐकू येत नाही, म्हणून बोलणं नाही, शाळा नाही. आसेगावच्या घरात आम्ही भावंडांनी हातवाऱ्यांची जी भाषा केली, तेवढीच तिची. कपाळावर मोठं कुंकू म्हणजे आई. डोळ्यांभोवती दोन गोल म्हणजे मी, चष्मेवाली.
भाऊ जाता जाता भिंती पाहत म्हणाला, "तुह्या घरी देवाचा एक फोटोबी नाही. अक्का हात कोनाले जोडन?"
म्हटलं, जोडायचे असतील तर जोडेल भिंतीला. चिडून गेला.

६ जाने.
जोडते! आंघोळ झाली की खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून. मी तीस वर्षं विज्ञान शिकवलं. पोरींना सांगत आले, देव शिकवावा लागतो, कोणी तो घेऊन जन्मत नाही. शेजारची जुबेदाभाभी शिवणकाम करते, तिचं म्हणणं उलट. आमचा हा वाद जुना. आणि इथे सख्खी बहीण, जिच्या कानावर देवाचा एक शब्द कधी पडला नाही. इतकी वर्षं विचारायचं सुचलं कसं नाही?

९ जाने., शुक्र.
विचारलं. हात जोडून दाखवले, मग "कोण?"
अक्काने कपाळावर कुंकू काढलं आणि स्वतःच्या गालात एक चापट मारून घेतली. हात जोडले नाहीत की आई हाणायची, म्हणून! मी हसत सुटले, तीही.
म्हणजे शिकवलेलंच. लगेच भाभीकडे गेले सांगायला. ती मशीन न थांबवता म्हणाली, "अन् तुमच्या अम्मीले कोनं शिकवलं? तिच्या अम्मीले? जा ना बाई मागं मागं. पयल्या बाईले कोनं सांगतलं?"
चहा पिऊन परत.

१३ जाने.
तुरीच्या शेंगा सोलताना अक्काचे निम्मे दाणे टोपल्याबाहेर पडतात. डावा डोळा लहानपणीच गेला. उजव्यात मोतीबिंदू, पार पिकलेला. वाशिमच्या डॉक्टरांनी ऑपरेशनसाठी सोमवार दिला. "खात्री देत नाही, फार उशीर केला."
कान नाहीत. हाही डोळा गेला तर मी तिच्याशी बोलू कशी? आणि ती...
प्र. फोनवर: "मी देवीले नवस बोलतो. तू नको बोलू, तुहं ते ऐकनार नाही."
म्हटलं, बरं.

१९ जाने., सोम.
ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. पट्टी उद्या सकाळी काढणार. म्हणजे आज अक्काला ना ऐकू येतं, ना दिसतं. घाबरेल म्हणून मी पलंगाला चिकटून बसलेले.
दुपारी जेवण झाल्यावर तिचे हात हलायला लागले. आधी गळ्याखालच्या खळग्यावर दोन बोटं टेकवली. मग डोळ्यावर हात, मग ओंजळ पुढे. हे मागणं, समजलं. पण मागणं संपलं तरी हात थांबेनात. डोळ्यांभोवती दोन गोल, म्हणजे मी. मीठ. तोंड वाकडं. माझ्या आमटीची तक्रार! मग घर, खिडकी, शेंगा, एकूणएक. मध्येच थांबायची, मान हलवायची, पुढे सुरू.
मला वाटलं माझ्याशीच बोलते. तिचा हात हातात घेतला. तिने माझी बोटं चाचपली, अंगठी ओळखली, दोनदा थोपटलं. आणि माझा हात हळूच बाजूला ठेवून पुन्हा दोन बोटं खळग्यावर.
मी नव्हते. आई पण नाही, आईचं तर कुंकू. ही खूण मी जन्मात पाहिलेली नाही.

२० जाने.
पट्टी काढली. दिसतं!! माझ्याकडे बराच वेळ पाहिलं, मग स्वतःच्या गालावर बोटांनी सुरकुत्या ओढून दाखवल्या. एवढी म्हातारी झालीस? नर्स हसून हसून बेजार. मला रडू आलं, कशामुळे कोण जाणे.
प्र. म्हणतो नवसाने. मी डॉक्टरांचे पाय धरायची बाकी.

२२ जाने.
प्र.ला व्हिडिओ कॉल. दोन बोटांची खूण करून दाखवली. त्यालाही माहीत नाही. "असन तिचं काई. तुले कायले पंचाईत?"
भाभीला सांगितलं. वाटलं, आता म्हणेल बघा, मी सांगत होते. तिने मशीन थांबवली. "गपागोष्टी करून राह्यली होती? डरून नाही?" नाही, म्हटलं, मजेत. तिने सुईत दोरा ओवला, पण मशीन सुरू केली नाही.

२५ जाने., रवि.
आज अक्काला विचारलंच. दोन बोटं खळग्यावर टेकवून "हे कोण?"
एकदम थबकली, चोरी पकडल्यासारखी. मग लाजली. वर बोट नाही केलं, हात नाही जोडले. खांदे उडवले. म्हटलं, कुठे असतं? तिने इकडे तिकडे पाहिलं, जणू मी पाण्याची चव विचारली. मग माझ्या मांडीवरच्या या वहीवर बोट ठेवलं, माझ्यासारखं लिहिल्याची नक्कल केली, आणि तळवा उलटा करून विचारलं, तू कोणाला?
कोणाला नाही, असं सांगायला हात उचलला.
तशीच बसले. ती वाट पाहतेय अजून.