बॅनर येईपर्यंत

दि. १७ नोव्हेंबर, बुधवार

चि. धाकटीस,

तुझं पत्र पोचलं. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालतात. लसींच्या फ्रिजचंही तसंच. तुझ्याकडे सगळे बरे असतील.

तर बाईसाहेब, तुम्हाला माझ्याकडून दोन पानं हवी आहेत. 'शांततेचे तीन दिवस : एका परिचारिकेचा अनुभव.' तुमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात छापायला. भाषा हृदयस्पर्शी असावी, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना : 'नकारात्मक मजकूर टाळावा.' अगं, काय टाळायचं ते तू ठरवणार, तर लिहायलाही तूच बस की. तुझा हात बसलाय त्यात.

फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. 'ताई, मीटिंगमध्ये आहे' म्हणतेस. कागदाला मीटिंग नसते, म्हणून लिहिते.

आधी चांगलं ते सांगते, म्हणजे ताई नुसती खवचट आहे असं म्हणायला नको. दोन्हीकडच्या बंदूकवाल्यांना एका कागदावर सह्या करायला लावणं सोपं नव्हतं. गोवराची लस टोचण्यासाठी तीन दिवस गोळीबार बंद, सकाळी आठ ते दुपारी चार नाके उघडे. हे तुमच्या संस्थेने केलं. देणगीदारांच्या पैशाने केलं. त्या पहाटे मी अंथरुणात उठून बसले तेव्हा मला खरंच तुझा अभिमान वाटला होता. साडेसातपर्यंत टिकला.

साडेसातला दवाखान्यात आमच्या पेट्या भरून तयार. बर्फ, कुप्या, सुया, याद्या. ड्रायव्हरने गाडी सुरू करून ठेवलेली. आणि तुझा फोन : 'ताई, पाहुणे आल्याशिवाय एकही पेटी हलवू नकोस. पहिली सुई कॅमेऱ्यासमोर.'

आम्हाला वाटलं, पाहुण्यांना उशीर झाला असेल. छे! पाहुणे वेळेवर येऊन विश्रामगृहात चहा पीत बसले होते. अडलं होतं ते बॅनरपाशी. दुसऱ्या नंबरच्या देणगीदाराचं बोधचिन्ह बोटभर लहान छापलं गेलं, म्हणून तू ते परत छापायला पाठवलंस. हे मला ड्रायव्हरने सांगितलं. तो म्हणाला, 'सिस्टर, नाके दिवसाला आठ तास उघडे, त्यातले साडेतीन तास कापडाला दिले.' तुझ्या ऑफिसातल्या एकाही शहाण्याला हा हिशेब सुचला नाही, आणि ड्रायव्हरला सुचला.

मग साडेअकराला तुम्ही आलात. मुलांसाठी निळ्या टोप्या आल्या, त्या आम्ही वाटल्या. अध्यक्षीणबाईंनी शांततेवर पंचवीस मिनिटं भाषण केलं. तोवर फोटोसाठी सकाळपासून अंगणात आणून बसवलेली चौदा मुलं रडून रडून झोपली. तुम्ही त्यांना लाभार्थी म्हणता. बाई तेच म्हणाल्या, 'आपले लाडके लाभार्थी.' एका पोराचं नाक वाहत होतं, तर कॅमेरेवाल्याने त्याला रांगेतून बाजूला काढलं. मला हसू आलं. तू बघितलंस आणि डोळे वटारलेस. लहानपणी आईसमोर मी तुला वटारायचे, अगदी तसे.

आता पुढचं. हे लिहायला मी तीन दिवस घेतले आहेत.

त्या दिवशी आठला नाका उघडला आणि पावणेनऊला एक बाई दारात उभी राहिली. नाक्यापलीकडच्या वीटभट्टीवर काम करणारी. आम्ही तिला भट्टीवाली म्हणतो. कडेवर अडीच वर्षांची मुलगी. बाई तरातरा चालत आली होती, धापा टाकत होती.

'आज टोचणार म्हणाले.'

'हो, पण आम्हीच येणार आहोत तुमच्या वस्तीवर. घरी जा.'

'आलेच आहे, तर इथेच टोचा की.'

'एका मुलीसाठी कुपी फोडता येत नाही. उरलेले डोस वाया जातात.'

नियम खरा आहे. पण त्या वेळी आमच्या अंगणात चौदा मुलं बसली होती. तिची धरून पंधरा. कुपी दहा डोसांची. वाया काय गेलं असतं, दगड?

तिने पेट्यांकडे पाहिलं. 'येणार ना नक्की?'

'नक्की,' मी म्हटलं.

पेट्यांची किल्ली माझ्याकडे होती, धाकटे. तू फोनवर होतीस, शंभर मैलांवर असल्यासारखी. पेट्यांपाशी मी होते. तीस वर्षांची नोकरी, आणि मला अडवणारं तिथे कोणीही नव्हतं. डॉक्टरसुद्धा म्हणाले होते, 'सिस्टर, सुरुवात करू या का?' मीच म्हटलं, 'थांबू या, वरून निरोप आहे.'

का थांबले ते सांगते. आदल्या दिवशी मी केस काळे केले होते. एप्रनला दोनदा इस्त्री केली होती. पहिली सुई देणारा हात माझा असणार होता, आणि तो फोटो तुमच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर येणार होता. तूच म्हणाली होतीस. तुमच्या बॅनरला मी नावं ठेवते, पण माझंही एक बॅनर होतंच, एवढंच की ते डोक्याला लावलेलं होतं.

वीटभट्टीची वस्ती यादीत शेवटची. आम्ही पोचलो तेव्हा तीन चाळीस झाले होते. बारा मुलं टोचली आणि नाक्यावरून शिट्टी झाली. दुसऱ्या दिवशी दुसरा मार्ग. तिसऱ्या दिवशी दुपारी गोळ्या सुटल्या आणि तह संपला. भट्टीवालीच्या मुलीचा नंबर तेरावा होता.

पहिल्या संध्याकाळी निरोपाच्या वेळी ते घड्याळांच्या कारखान्याचे म्हातारे मालक, तुमचे मोठे देणगीदार, माझ्याजवळ आले. त्यांचे डोळे खरोखर भरले होते. त्यांनी विचारलं, 'सगळ्यांना मिळाली का?' माझ्याआधी तू उत्तर दिलंस, 'शंभर टक्के.' आणि मी शेजारी उभी राहून मान हलवली.

पाच आठवड्यांनी भट्टीवाली मुलीला पाठीवर बांधून घेऊन आली. नाक्यावर तिला दोन तास बसवून ठेवलं होतं. अंगभर पुरळ, छातीत न्यूमोनिया. आम्ही जे करता येईल ते केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दीडला मुलगी गेली.

आई तिला पुन्हा पाठीवर बांधून घेऊन गेली. परवा मीच गेले तिच्याकडे. ती विटा रचत होती. मी म्हटलं, 'त्या सकाळी लस तयार होती. मला देता आली असती. मी दिली नाही.'

ती म्हणाली, 'माहीत आहे मला. मी लगेच घरी गेले नव्हते. फाटकापाशी उभी होते. तुम्ही टोप्या वाटत होतात.'

पुढची वीट उचलून ठेवली आणि म्हणाली, 'वस्तीत आणखी तिघांना ताप आहे. बाकीच्यांना कधी टोचणार?'

काल सकाळी गेलो. मी, ड्रायव्हर आणि दोन पेट्या. तह नव्हता, परवानगीचा कागद नव्हता. नाक्यावरच्या जमादाराने पेट्या पाहून बंदूक आडवी धरली, तेव्हा भट्टीवाली पुढे झाली आणि म्हणाली, 'येऊ दे तिला, माझ्याकडे आलीये.' त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि 'तीनच्या आत परत' एवढंच म्हणाला. अडतीस मुलं टोचली. तापातल्या तिघांपैकी दोघांना उशीर झाला आहे, ते पुरळ घेऊन पडले आहेत. वाचतील असं वाटतं.

ह्या अडतीसचा फोटो नाही. अहवालात घालू नकोस.

त्या घड्याळवाल्या आजोबांना मी कालच पत्र टाकलं. पहिल्या दिवशीच्या खऱ्या याद्या जोडल्या. किती वाजता सुरू केलं, का, आणि किती घरं राहिली. शंभर टक्के म्हटलं गेलं तेव्हा मीही मान हलवली, हेही लिहिलं. ते देणगी बंद करतील किंवा नाही करणार. बंद झाली तर लसही बंद होईल, हे मला कळतं. तुझ्या नोकरीचं काय होईल, याचाही विचार केला. करून मग पाकीट डकवलं. शाळेत तुझ्या चुका मी स्वतःवर घ्यायचे. ह्या वेळी माझी चूक माझ्या नावाने लिहिली आहे, आणि तुझी तुझ्या.

शेवटी 'कळावे' लिहायची पद्धत आहे. इतकी वर्षं नुसतंच लिहीत आले. आज मात्र मनापासून लिहिते : तुला कळावं.

ताई