आडातल्या वहाणा

ग्रामविहार, नगर
१८ नोव्हेंबर १९७१

प्रिय दादा,

गेली कित्येक वर्षं मी तुला फक्त कार्डं टाकली. ‘मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी’ यापलीकडे त्यांत काही नसायचं. आज पाकीट आहे आणि आत चार कागद आहेत. तुझी चौथी झालेली, म्हणून अक्षर मोठं काढतोय. राहात्याच्या टोळीवर तुम्ही पोचला असाल, उसाच्या पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या असतील, म्हणून पत्ता तिथला घातलाय.

मी नोकरी करतो ती जागा तुला नीट सांगितलीच नाही कधी. गावाबाहेर, मनमाड रस्त्याला, बंगलेवाल्यांसाठी ही नवी बाजारवसाहत उभी राहिली. मी तिचा चिटणीस. नाव ग्रामविहार, म्हणून सगळा थाट खेड्याचा. बुटकी दुकानं, लाल कौलं, भिंतीवर रंगवलेलं गाडीचं चाक. फरसबंद चौकात एक शोभेचा आड आहे. त्याला रहाट आहे, दोर आहे, पाणी नाही. छातीभर खोल, तळाला सिमेंट. संध्याकाळी मोटारी येतात. बायका काचेमागच्या साड्या बघतात, मुलं आइस्क्रीम खातात, उडप्याकडे डोशाला रांग लागते, आणि शेजारच्या उपाहारगृहात लोक कटलेट काट्याने खातात. पहिल्या वर्षी मीही काटा धरायला शिकलो. डायरीत तशी नोंद आहे, आणि वाचवत नाही इतकी अभिमानाची आहे.

कोपऱ्यातला शेवटचा गाळा झुंबरबाईच्या खाणावळीचा. ही जमीन तिच्या सासऱ्याची होती. बदल्यात गाळा लिहून दिलाय, त्यामुळे तिला हलवता येत नाही. तिच्याकडे बाजरीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, ठेचा. टेबल-खुर्ची नाही. सारवलेल्या जमिनीवर पंगत बसते आणि वहाणा बाहेर, ओट्यावर. दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या पाथर्डीकडून निघाल्या की तिच्या दारात थांबतात आणि ओटा वहाणांनी भरून जातो. सुरुवातीला मी तिला म्हणालो, “बाई, आत बाकं टाका, लोक पायताणासकट बसतील.” ती भाकरी थापतच म्हणाली, “अन्नापाशी वहाना न्यायच्या? शिकल्याला मानूस तू, आन् असं बोलतू?” मी हसलो. आपल्या आईनेही हेच ऐकवलं असतं.

साड्यांच्या दुकानदाराने तक्रार केली, की गिऱ्हाइकांना त्या टायरच्या वहाणा ओलांडून यावं लागतं. अध्यक्ष आप्पासाहेब मला म्हणाले, “पी. एन., भाषा तुमच्या हातात आहे. कुणाचं नाव न घेता काहीतरी सोज्वळ लिहा.” मी लिहिलं. नियम सातवा : ‘ओट्यावर, पायरीवर अथवा चौकात पादत्राणे ठेवू नयेत, ठेवल्यास जप्त करण्यात येतील.’ इथे दुसरं कुणी पायातलं काढतच नाही, मग नियम कुणासाठी होता हे उघड आहे. मी स्वतःला सांगितलं, प्रश्न स्वच्छतेचा आहे. पण त्या रात्रीची डायरी गेल्या आठवड्यात काढून वाचली. तिच्यात माझ्याच अक्षरात आहे : ‘रोख झुंबरबाईवर आहे हे ठाऊक आहे. तरी वाक्य चांगलं जमलं.’ म्हणजे मी फसलो नव्हतो, दादा. मला वाक्य आवडलं होतं.

मग गेल्या गुरुवारी दुपारी गाड्या आल्या. तीसेक माणसं आत जेवत असताना रखवालदार भिमाजीने ओट्यावरच्या वहाणा पोत्यात भरल्या आणि ठेवायला जागा नाही म्हणून शोभेच्या आडात ओतल्या. माणसं तृप्त होऊन बाहेर आली ती अनवाणी. फरशी तापलेली. आइस्क्रीमवाल्याकडची मंडळी हसली. झुंबरबाई पिठाच्या हातांनी चौकात आली, आडात डोकावली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ह्यो कोरडा आड कशाला बांधलाय, म्हून रोज इचारत हुते. आज कळलं. इज्जत टाकायला बांधलाय. भिमाजी, तुजी बी टाक की रं, लई जागा हाय!” भिमाजीने मान खाली घातली. बाया-बाप्ये आडात उतरले, जोड्या शोधू लागले. एक जण तेवढा काठावर उभा राहिला. उतरणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. कुणीतरी विचारलं, तर म्हणाला, “ऱ्हाऊ द्या रं, बैलं खोळंबली.” आणि तसाच चालत गाडीकडे गेला. मी वर, कचेरीच्या खिडकीत होतो.

दुसऱ्या दिवशी मी नियम रद्द करण्याचा अर्ज दिला, सोबत डायरीतली ती ओळ उतरवून. आप्पासाहेब म्हणाले, “एवढं मनाला लावून घ्यायचं नसतं, पी. एन. नोकरी सांभाळा.” त्या दिवसापासून मी दुपारी एकला खाली उतरतो, बूट ओट्यावर काढतो आणि आत मांडी घालून जेवतो. भिमाजी बुटांसमोर अवघडून उभा राहतो. “सायेब, तुमचं कसं उचलू?” म्हणतो. मी त्याला लेखी हुकूम दिलाय, की नियम सर्वांना सारखा. तेव्हापासून जप्तीच्या वहीत रोज एकच नाव चढतं, आणि ते मीच लिहितो : ‘चिटणीस, बूट, एक जोड.’ झुंबरबाई पहिल्या दिवशी म्हणाली, “आलास व्हय जमिनीवर?” आणि शेंगोळ्यात तेल जरा जास्तच घातलं. यात नाटक किती आणि खरं किती, हे मी रोज स्वतःला विचारतो. उत्तर लागत नाही. लागेपर्यंत बूट बाहेरच राहतील. रविवारी सकाळी सभा आहे. मला काढणार हे ठरलंय. काढू देत. मी माफी मागणार नाही, राजीनामाही देणार नाही. माझ्या नियमाने माझे बूट जप्त होतात, तर माझ्या नियमापायी त्यांनीच मला काढावं आणि तसं कागदावर लिहावं.

पण हे सगळं लिहायला मी बसलो नव्हतो. आडात एक जोड उरली होती. मी स्वतः उतरून काढली, आत्ता माझ्या टेबलावर आहे. उजव्या टाचेला बैलाच्या नालेचा तुकडा ठोकलाय, कारण तो पाय घासत पडतो. माझ्या बी. ए.च्या वर्षी कोयता त्याच पायात गेला होता, आणि तरी तू हंगाम संपेपर्यंत ऊस तोडत राहिलास. दादा, तुला मी खिडकीतूनच ओळखलं होतं. गाडीकडे जाताना तू एकदा वर पाहिलंस, आणि मी पडद्यामागे सरलो. वीस वर्षं एक दिवस न चुकता डायरी लिहिणाऱ्या माझं त्या तारखेचं पान कोरं आहे. ते इथे लिहितोय. रविवारी सभा उरकून दुपारच्या गाडीने मी तुझ्याकडे निघतोय, वहाणा हातात घेऊन. पत्र आधी धाडतोय, कारण समोर आलो की तू मला बोलूच देणार नाहीस. “जेवलास का?” म्हणशील, आणि मी पुन्हा एकदा सुटेन. म्हणून हे आधी वाच. एकट्याने नको, कोपीसमोर, सगळ्या टोळीला ऐकू जाईल असं वाच. पी. एन. साहेब कुणाचा भाऊ, हे त्यांनाही कळू दे. मग मला जेवायला विचारायचं की नाही, ते ठरव.

तुझ्याच कोयत्यावर शिकलेला,
तुझाच धाकटा
पुंजा