एकशे शहाऐंशी दिवे

दि. ४ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ. वि. वि.

फोन न करता पत्र लिहिते आहे, म्हणजे प्रकरण काय ते तू ओळखलं असशीलच. आई गेली तरी तिचा नियम मी मोडलेला नाही. भांडायचं तर कागदावर, कारण फोन मध्येच आपटता येतो, पत्र शेवटपर्यंत वाचावं लागतं. तेव्हा वाच.

तू नोकरीसाठी बाहेरगावी जाताना इथे टाकून गेलेला कॉम्प्युटर आणि त्यातला तो अंतराळातला खेळ, यांनी माझ्या डोक्याचा भुगा केला आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ महिने झाले. डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ शंभर पावलं चालायला सांगितली आहेत. स्वतःच्या पायांनी ते स्वयंपाकघरापर्यंत येत नाहीत, आणि पडद्यावरच्या त्या पांढऱ्या पोशाखातल्या माणसाला मात्र रोज तीन-तीन तास चालवतात. खेळ तरी कसला! ना धावपळ, ना मारामारी. राखाडी धूळ, अंधार, एक दगड गेला की दुसरा दगड. थोडं चालायचं, एक दिवा रोवायचा, हवेचा काटा बघायचा, पुन्हा चालायचं. छत्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, वर-खाली सोडून जन्मात कुठे गेला नाही, तो म्हातारपणी आडवा चालत सुटला आहे.

परवा रविवारी दुपारी त्यांचा डोळा लागला होता, तेव्हा मी बसले. एवढे महिने मागे उभं राहून बघून बटणं पाठ झाली आहेत. म्हटलं, यांचं काम आपणच संपवून टाकू, म्हणजे उठतील एकदाचे. यानापासून निघाले तर वाटभर दिवे पडलेले. आमच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये एक स्क्रू जमिनीवर दिसला तर मला चैन पडत नाही, हे तुला ठाऊक आहे. सगळे उचलले, एकशे शहाऐंशी नग, आणि बरोबरच्या गाडीत नीट रचले. दर दहाव्या दिव्यापाशी हवेचं एक नळकांडं होतं, सगळी अर्धवट वापरलेली. अर्धवट माल मी स्टोअरला घेत नाही. ती रिकामी करून ओळीने लावली. शेवटच्या दिव्यापर्यंत पोचले आणि बंद केलं.

बाबांनी उठून बघितलं, आणि तेव्हापासून माझ्याशी एक अक्षर बोललेले नाहीत. केल्याचं कौतुक राहिलं बाजूला, समोरचं ताट सारून देतात. तो खेळ कायमचा कसा काढून टाकायचा ते कळव.

लोभ असावा, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते.
तुझी ताई


दि. १३ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. नमस्कार केला आहे तो केवळ वळण आहे म्हणून.

ते पडलेले दिवे नव्हते, ताई, ती वाट होती. त्या ग्रहावर उजाडत नाही. धुळीत दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. एका दिव्यापाशी उभं राहिलं की दुसरा अंधुक दिसतो, तेवढ्यावर माणूस परत फिरतो. तू ती वाट गोळा करून गाडीत भरलीस, हवा सोडून दिलीस, आणि बाबांच्या माणसाला नेऊन टोकाला उभं केलंस. यान दीड तास मागे, आणि अंगावरची हवा माझ्या हिशेबाने फार तर चाळीस मिनिटांची. खेळ बंद असेपर्यंत काटा थांबतो. म्हणून ते उघडत नसणार. त्या खेळात मेलं की मेलं. पुन्हा कुठल्या तरी भलत्याच ग्रहावर पहिल्यापासून सुरुवात.

मला हे कसं माहीत, असं विचारशील. त्याच ग्रहावर मीही राहतो. घरी असताना मी त्या ग्रहावर जी कोठी बांधली, तिच्यात मी इथूनही जातो. दिवसभर इथल्या कारखान्यात चष्म्याची भिंगं घासून आलो की तासभर बसतो. दुसऱ्या कुणी दिवे लावले तर माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे येतात, किती दिवे आणि शेवटचा किती दूर. कोणत्या दिशेला, ते येत नाही. आठ महिन्यांपूर्वी तिथे एक दिवा उमटला. मग दोन. आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर कोण बसलं असेल, ते कळायला अक्कल लागत नव्हती.

तीन वर्षं बाबा आणि मी एकमेकांशी बोललेलो नाही. आई दोन महिने अंथरुणाला खिळली होती आणि मला सगळं आटोपल्यावर कळवलं. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही. पण अंतर रोज कमी होत होतं, आणि मी आल्या आल्या आधी तो आकडा बघत होतो. आता तिथे शून्य आहे. आमची वाट म्हणजे तुझ्या रॅकमधला माल नव्हे, एवढं तुला कळायला हवं होतं.

कळावे. कळलं तर.
बारक्या


दि. २२ मार्च

चि. बारक्यास,
आशीर्वाद या वेळी हात आखडून देते आहे.

आमची वाट! हे दोन शब्द वाचून मी पत्र चुरगाळलं आणि पुन्हा सपाट करून वाचलं. तुझी सर्दी बाबांना मी सांगायची, बाबांचा गुडघा तुला मी सांगायचा, तीन वर्षं हा निरोप्याचा धंदा बिनबोभाट केला. आणि तुम्ही दोघं वर कुठेतरी भेटायला निघाला होता, मला न सांगता! एका छपराखाली राहून बाबांनी मला सांगितलं नाही की ते कुणाकडे चालले आहेत. माहीत असतं तर मी एका तरी दिव्याला हात लावला असता का? आई माझीही गेली आहे. तेव्हा बाबांनी गप्प राहायला सांगितलं आणि मी राहिले, त्याचा राग माझ्यावर काढ, मी ऐकून घेईन. पण मला परकं करू नकोस.

आणि आता तुझं माप तुझ्या पदरात. तुझं पत्र मी बाबांपुढे ठेवलं. ते पहिल्यांदा तोंड उघडून बोलले, तेही डाफरूनच. म्हणाले की आठ महिन्यांत समोरून एक दिवा दिसला नाही, पडद्यावर तुझ्या कोठीचं नुसतं अंतर येतं, दिशा अंदाजाने धरत होतो. एकशे शहाऐंशी दिवे त्यांचे, तुझा एकही नाही! तू कोठीत बसून नुसते आकडे बघत राहिलास. मी दिवे काढले ते न कळून. तू लावले नाहीस ते सगळं कळून.

ते आता बंद पडद्यासमोर बसून असतात. चालणं तर सोडाच, जेवायलाही दोनदा हाक मारावी लागते. मला ते बघवत नाही.

मी स्टोअर सांभाळते. उचललेल्या प्रत्येक नगाची चिठ्ठी करते, कुठून उचलला ते लिहून. पडद्याच्या खाली जागेचे आकडे येतात, ते मी त्या दिवशीही सवयीने उतरवून घेतले होते. शेवटच्या दिव्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. बाबांचा माणूस तिथे उभा आहे. पुढचं तू बघ.

लोभ कुणी कुणावर करायचा ते ठरवून कळव.
ताई


दि. ५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

चिठ्ठी मिळाली. तीन दिवसांची रजा काढली. आईसाठी जी मागायची वेळच माझ्यावर येऊ दिली नाही, ती या खेळासाठी मागितली, तीही रागाने.

कोठीपासून एकशे चार दिवे लावले. दर पाचव्यापाशी भरलेलं नळकांडं आहे. शेवटचा दिवा आणि एक नळकांडं बाबांच्या माणसाच्या पायाशी ठेवलं. खेळ बंद असला तरी माणूस सोडला तिथेच उभा दिसतो. पाठ यानाकडे, तोंड माझ्या बाजूला. मी त्याच्यासमोर बराच वेळ उभा राहिलो. माझा राग गेलेला नाही, तसं त्यांना सांग. पण त्यांना तिथे तसं उभं ठेवणं मला जमलं नाही. खेळ उघडायला सांग.

तू म्हणतेस ते बरोबर आहे. मी एकही लावला नव्हता. आणि तुला परकं केलं, तीही चूकच.
बारक्या


दि. १६ एप्रिल

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

ताईने तुझं पत्र माझ्यासमोर टाकलं आणि हाताची घडी घालून दारात उभी राहिली. मी खेळ उघडला.

तुझं काम बघून डोकं फिरलं. दिवे वाकडे. बावन्नावा आणि त्रेपन्नावा यांत एवढं अंतर की मी पंधरा मिनिटं जागच्या जागी गोल फिरलो. माझ्या हाताखालच्या शिकाऊ माणसाने असं काम केलं असतं तर मी त्याला शिडी धरू दिली नसती. तुझ्या कोठीचं दार नुसतं ढकललं की उघडतं, तेही धोक्याचं. आत तू नव्हतास, कामावर असशील. मी तुझ्या खुर्चीत बसलो. ताईने शेजारी स्टूल ओढलं आणि तुझा पसारा बघून यादी करायला घेतली.

आता नीट ऐक. लिफ्टमध्ये कुणी अडकलं की बाहेर काढायला अर्धा तास लागो नाहीतर दोन, पहिल्या मिनिटाला वरून ओरडून सांगायचं असतं की माणूस आला आहे. त्यावर आतला तग धरतो. छत्तीस वर्षं मी परक्यांना हे सांगत आलो आणि दर वेळी ते खरं होतं. तुझी आई रोज तुझ्याबद्दल विचारायची. मी रोज सांगायचो की तू निघाला आहेस. तुला कळवलंच नव्हतं. कळवलं तर तिचं दुखणं खरं ठरेल, अशी भीती होती. शेवटच्या दिवशी तिने उशी फिरवून तोंड दाराच्या बाजूला करून घेतलं. मी करून दिलं.

मी तिला रोज काय सांगत होतो, ते ताईलाही ठाऊक नाही. पाकीट बंद करण्याआधी तिला वाचायला देणार आहे. तुझा राग आहे तो कमीच आहे. मी तुझ्यावर तीन वर्षं चिडून राहिलो, कारण स्वतःवर चिडायला धीर होत नव्हता.

तुझी आई कागदावर भांडायला सांगायची. हे भांडण कागदात मावणारं नाही. ते घेऊन इथे ये. फाटकापर्यंत शंभर पावलं होतात, ताईने मोजली आहेत. तिथपर्यंत मी येईन.

ताई रोज विचारते की तू कधी येणार. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. तू खरोखर निघालास की कळव, मग सांगेन.

बाबा