ताटाबाहेरचा घास

१९ जानेवारी, सोमवार

पोचले एकदाची रिसोडला! वाशीमपासून एसटीत उभी होते, शेजारच्या बाईंच्या पिशवीतली मेथी अख्खी वाट माझ्या नाकाखाली, तरी मजेत आले. घर छान आहे. खाली विजयमालाकाकू, वर मी. राखी माझी कॉलेजची मैत्रीण, ती नोकरीला नाशिकला, आणि तिची आई इथे एकटी. माझं काम कुठूनही चालतं. नवे व्हिडिओ गेम खेळायचे आणि एका संकेतस्थळासाठी 'पहिली छाप' हे सदर लिहायचं. मग रिसोडहून का नाही?

राखीची अट एकच. काका गेल्यापासून आई एकटी जेवत नाही, चहा-बिस्किटावर दिवस काढते, चाळीस किलोवर आली आहे. तू फक्त रोज तिच्यासोबत बसून जेव, म्हणाली. जेवायच्या कामाला मी कधी नाही म्हटलंय?

काकूंनी भरीत-भाकरी केली होती. माझ्यासमोर बसून दीड भाकरी खाल्ली त्यांनी. मी राखीला फोटो पाठवला, तिनं आधी रडका चेहरा पाठवला आणि मग एक शिवी.

काकूंची एक पद्धत आहे. पहिला घास ताटाबाहेर काढून ठेवायचा. ज्याले कोनी वाढनारं नाही त्याचा तो, असं म्हणाल्या. जेवण झालं की तो कुंपणाच्या भिंतीवर, कावळ्याला. मीही काढला. पाहुणीनं घरचे नियम पाळावेत.

२४ जानेवारी, शनिवार

काकू दोन भाकरींवर आल्या! मला वरून चिडवतात. दिवसभर भुतं पाहून राह्यली अन् त्याचा पगारबी घेतेस, म्हणतात. काल पातोड्यांची भाजी होती, इतकी झणझणीत की कानातून धूर निघाला. घास काढायची सवय आता हातालाच लागली आहे. डोकं लागत नाही.

संपादकांनी नवा गेम पाठवलाय. पछाडलेलं घर, आत एकटे तुम्ही. असली घरं मी आजवर शंभर तरी पाहिली असतील.

२७ जानेवारी, मंगळवार

दुपारी काकू जरा आडव्या झाल्या तेव्हा खेळायला बसले. सदरासाठी टिपणं इथेच करते.

वातावरण हा शब्द आमच्या धंद्यात रेवड्यांसारखा वाटतात, पण इथे तो कमावलेला आहे. लाकडी घर, बाहेर पाऊस, भिंतींवरचा कागद ओल धरून फुगलेला. बोट लावलं की खड्डा पडतो आणि हळूहळू भरून येतो. मध्ये लांब टेबल, सात खुर्च्या, झाकलेली ताटं. एक ताट संपवलं की पुढचं दार उघडतं.

आणि ते जेवण! शी! रश्श्यावर जाड साय, चमच्याला चिकटून अखंड उचलली जाते. मांसाचा तुकडा आतून हलतो. घास गिळल्यावर दातात केस अडकतो, तो तुम्हीच ओढून काढायचा, आणि तो येतच राहतो, येतच राहतो. मला खरोखर ओकारी आली. किळस आणायला हुशारी लागते. पाचपैकी चार तारे.

२८ जानेवारी, बुधवार

आज गंमत झाली. दुसऱ्या ताटाचा पहिला घास घेतला आणि सवयीनं तो ताटाबाहेर, टेबलावर काढून ठेवला. जगात दुसरा कोणता खेळणारा असं करेल? पण गेमनं करू दिलं. समोरची रिकामी खुर्ची आपोआप मागे सरकली. घास नाहीसा झाला आणि टेबलावर ओल्या जिभेचा लांब पट्टा उरला. मी टाळ्या वाजवल्या. बनवणाऱ्यांनी कुठवर विचार केलाय!

जेवताना काकूंना रंगवून सांगितलं. त्यांनी हातातली भाकरी खाली ठेवली. घास आपल्या घरात काढतेत बाई, तिथं कोन बसेल हाय तुले काय मालूम, म्हणाल्या. तू त्याले घास देल्ला, आता त्याले वाढनारी तूच. मी हसले. मला हसू आवरतच नाही अशा वेळी.

त्या पुढे जेवल्या नाहीत. हे मात्र मला आवडलं नाही.

३० जानेवारी, शुक्रवार

खुर्चीचं कौतुक करायला गेम बनवणाऱ्यांना पत्र टाकलं होतं. उत्तर आलं. खुर्च्या हलत नाहीत, त्या नुसतं चित्र आहेत. घास ताटाबाहेर ठेवायची सोयच नाही. त्यांनी नम्रपणे विचारलंय की आपण हाच गेम खेळलात ना?

काकूंना अन्नाला वास येतोय. ताज्या भाकरीवर त्यांना बुरशी दिसते, वरणावर साय दिसते. त्यांच्यासमोर मी तेच वरण ओरपून दाखवलं. चांगलं होतं. मग दातात काहीतरी अडकलं. केस. ओढला. लांब, पांढरा, बुळबुळीत, घशातून वर येत राहिला. मोरीत जाऊन सगळं भडाभडा ओकले.

गेम काढून टाकला. सदर लिहिणार नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

चार दिवस काकूंच्या पोटात अन्न नाही. इथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, पोटात काही दोष नाही म्हणाले. वजन छत्तीस. राखी फोनवर रडली. तिला शनिवारपर्यंत सुट्टी नाही. शनिवारी दुपारी पोचते, तोवर काहीही कर पण तिला खाऊ घाल, म्हणाली. मी हो म्हटलं. मी आले म्हणून त्या जेवायला लागल्या होत्या, आणि माझ्यामुळेच थांबल्या. हे राखीला कसं सांगू?

सकाळी काकू कुंपणाशी उभ्या होत्या. भिंतीवरचे माझे घास खात होत्या. तीन दिवसांचे, कावळ्यानंही न शिवलेले, हिरवे पडलेले, मुंग्यांनी भरलेले. ओठांवर मुंग्या फिरत होत्या आणि त्या बोटं चाटत होत्या.

मला शिसारी आली. पण त्या खात होत्या.

३ फेब्रुवारी

ताजा घास काढून दिला, थुंकल्या. अख्खं ताट बाहेर काढलं, थुंकल्या. मग माझ्या तोंडातला घास, अर्धा चावलेला, ठसका लागून पाटावर पडला. काकूंनी झडप घालून उचलला.

काल भिंतीवर होतं ते माझ्या हातचं. आज हवं ते माझ्या तोंडचं. जेवायला त्या तोंड उघडतात तेव्हा आत दुसरं कोणीतरी वाट बघत असतं, हे मला दिसतं. वाढनारी तूच.

चावते आणि काढून ठेवते. चावते आणि काढून ठेवते. लाळेनं लडबडलेला गोळा. त्या बघत असतात. त्यांच्या जिभेची लांबी—

ओकले. तेही त्यांनी—

शी. शी. शी.

५ फेब्रुवारी

चावलेलंही नको झालं. भाकरी बाजूला काढतात, लाळ तेवढी चोखतात. उरलेलं थुंकतात.

शेजारच्या कमरुन्निसाचाचींना बोलावलं. त्या दारातूनच मागे फिरल्या. नाकाला पदर लावून म्हणाल्या, बाई, घरात काय सडून राह्यलं? मला वास येत नाही. म्हणजे तो माझ्याच अंगाला येत असणार.

वजन चौतीस. काकू मध्येच भानावर येतात, माझा हात धरतात. तू जाय वं माय, म्हणतात. मले उपाशी राहू दे, तू जाय.

कशी जाऊ? खाऊ घालीन म्हणून शब्द दिलाय मी.

६ फेब्रुवारी

त्यांनी माझी नखं खाल्ली. मी कापून दिली, वाटीत. मग मुळापासून मागितली.

दिली.

आज त्या उठून बसल्या. गालावर रंग—

७ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

डाव्या हातानं लिहितेय. उजवा ताटात आहे.

दुखत नाही. चाटून चाटून बधिर झालाय. आवाज तेवढा सहन होत नाही, कूर्चा चावल्याचा. कान बंद करायला हात पुरत नाहीत.

काकू जेवतायत. राखी, ऐक, तुझी आई पोटभर जेवतेय, स्वतःच्या हातानं, समोर बसून. वजन बघायला काटा आणला, अठ्ठेचाळीस—

दुपार

त्यांनी तोंड पुसलं. माझ्याकडे प्रेमानं पाहिलं. म्हणाल्या, पोट काही भरलं नाही, बाई. अन् तू तं संपून राह्यली.

मग विचारलं, राखीची गाडी किती वाजता येते.

काकूंचाच आवाज. काकूंचेच डोळे, लेकीच्या आठवणीनं भरून आलेले. मी सांगितलं. तीनची गाडी, स्टँडवर घ्यायला कोणी—

त्या पदर खोचून उठल्या, चपला घात—